सेदिल्या

दुपारची फेरीबोट धरून दिवाडीला उतरलो.
तक्रारीत लिहिलेलं: घर चर्चच्या उतारावर,
ग्राहक इर्मेलिंदा मेंडोन्का.
दारातच त्या म्हणाल्या, मेंदोन्सा.
पहिली दुरुस्ती तिथे झाली.

राउटर आल्तारावर, सायबिणीच्या पायाशी,
हिरवा दिवा शांत.
लिस्बनहून मुलीने पाठवलेला नवा टॅबलेट
सगळ्या रेघा भरून सिग्नल दाखवतो
आणि म्हणतो: पासवर्ड चुकीचा.

सगळे करतात ते मी केलं.
बंद केला, दहा अंक मोजले, चालू केला.
टॅबलेटला म्हटलं, हे नेटवर्क विसर. विसरला.
पुन्हा ओळख करून दिली. नाही.
डब्ल्यूपीए तीनवरून दोनवर आलो,
टीकेआयपी काढून एईएस एकटं ठेवलं,
चॅनल सहा, मग अकरा,
जांभ्याच्या दीड हात भिंतीला उगाच दोष दिला.
बशीत पेरादच्या चार वड्या आल्या, दोन संपल्या.

"घोवाने घातिल्लो पासवर्ड," त्या म्हणाल्या, "तो कसो चुकतलो?"
वीजबिलांच्या वहीचं शेवटचं पान, निळी शाई:
आडनाव, पुढे लग्नाचं साल.
आडनावातल्या सीच्या पोटाखाली एक शेपटी,
गांडुळाच्या पिलाएवढी.
"सेदिल्या. ती ना जाल्यार आमी मेंडोन्का."

मतदार यादीत मेंडोन्का. रेशनकार्डावर मेंडोन्का.
एव्हारिस्त मेंदोन्सा यांनी तीस वर्षं
मामलेदाराला, वीज खात्याला, पंचायतीला अर्ज लिहिले,
टाईप करून झाल्यावर शेपटी हाताने काढून.
उत्तरं आली. पाकिटावर मेंडोन्का.
ऐकलं ते फक्त या राउटरने.

माझे वडील पर्येला मास्तर होते.
शुद्धलेखनाच्या नियमांनी गांवकरवरचा अनुस्वार नेला
तरी हजेरीपटावर टिंब देत राहिले,
खालच्या पानावर उमटेल इतकं दाबून.
आधार कार्डावर मी बिनटिंबाचा.

तर गोम अशी:
राउटर ते अक्षर एका घासात गिळतो.
टॅबलेट त्याचे दोन घास करून भरवतो.
दोघांनाही शब्द पाठ, दोघेही खरे.
हात चार वेळा हलवायचे असतात,
दुसऱ्याच वेळी बोटं जुळत नाहीत,
आणि यंत्राकडे या सगळ्यासाठी वाक्य एकच:
पासवर्ड चुकीचा.

म्हटलं, बाय, शेपटी काढावी लागेल.
त्या वड्यांवरची माशी हाकलत राहिल्या.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"काड. तो आतां अर्ज करचो ना."
नवा पासवर्ड त्यांनीच दिला:
मांजराचं नाव, पुढे मासळीवालीचा फोन नंबर.
टॅबलेट लागला.
मुलगी आली, आधी नुसतं कपाळ, मग उरलेली.

बॅग भरताना सवयीने राउटरची नोंद उघडली.
एक यंत्र दर थोड्या वेळाने दार वाजवत होतं,
जुन्याच शब्दाने.
नाकारलं. नाकारलं. नाकारलं.
हे कोणाचं?
त्यांनी आल्ताराखालचा खण ओढला.
तडकलेल्या काचेचा फोन, चार्ज शंभर टक्के.
मी काहीच विचारलं नव्हतं,
तरी त्या म्हणाल्या, "म्हाका खबर आसा."

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं,
बहुतेक घरांत बंदच.
ते चालू केलं. जुना पासवर्ड त्याला दिला,
त्याच फोनच्या कीबोर्डवरून, शेपटीसकट.
पाहुणा एक, असं स्क्रीनवर आलं.
खण त्यांनी हलकेच आत ढकलला.

कंपनीच्या फॉर्मवर रकाने दोनच.
दोष: पासवर्ड. उपाय: बदलला.
ग्राहकाची सही करताना त्यांनी शेपटी अशी ओढली
की कागद जरा फाटला.
खाली तंत्रज्ञाचं नाव मी घाईत लिहिलं,
धक्क्यावर फेरीचा भोंगा झाला होता.
टिंब दिलं की नाही, आता आठवत नाही.